डाव्या पायाचा निवाडा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजाराच्या एका अरुंद गल्लीत महिपतराव हे वयोवृद्ध गृहस्थ आपली पत्नी कुमुदिनी आणि पुत्र मोहित यांच्यासह राहत असत. त्यांच्या घरापुढील लहानशा अंगणात एक पांढरी डिझेल मोटार उभी असे. मोटार जुनी होती, परंतु निगा अशी की तिच्या रंगात पाहून मनुष्याने भांग पाडावा. महिपतराव कृषी खात्यातून निवृत्त झाले त्याच वर्षी ती घरात आली, आणि तेव्हापासून तिच्या चाकामागे त्यांच्याखेरीज दुसरे कोणी क्वचितच बसले असेल.

हे घराणे मूळचे दक्षिणेतले. पूर्वज घोड्यावर बसून आले आणि स्वारीच्या नोकरीत इथेच राहिले. पुढे घोडा गेला, तलवार भिंतीवर गेली, आणि त्या दोहोंचा मान मोटारीकडे आला. खंडेनवमीस तलवारीबरोबर मोटारीचीही पूजा होई. जिला हळदकुंकू वाहिले तिच्यात जोडे घालून पाय ठेवायचा नाही, हा त्या घराचा दंडक होता. पाहुणा असो की व्याही असो, त्याने जोडे काढावे, मागच्या डिकीत ठेवावे आणि मग आत बसावे. स्वतः महिपतराव सदैव अनवाणी पायांनीच मोटार हाकीत.

उन्हाळ्यात या नियमाचा कोणाला उपद्रव नव्हता. परंतु पौषातली ग्वाल्हेरची थंडी ज्याने भोगली आहे त्यालाच ठाऊक, की सकाळच्या धुक्यात मोटारीच्या तळाचा पत्रा पायाला कसा डसतो. म्हणून कुमुदिनीबाईंनी जुन्या लुगड्याची एक लहानशी गोधडी शिवून पतीच्या पायांखाली अंथरली. थंडी वाढली तसा तिच्यात आणखी एक पदर घातला. पुढे हाडे गोठू लागली तेव्हा महिपतरावांच्या विटलेल्या लोकरी कोटाचे अस्तरही तिला जोडले. गोधडी चांगली जाड झाली आणि पाय सुखावले.

याच दिवसांत मोटारीला एक दुखणे जडले. प्रथम मागे घेण्याचा गिअर टाकताना कर्र असा आवाज येऊ लागला. पुढे पहिला गिअरही अडून बसू लागला. क्लचचे पेडल दाबले म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध सुटावा, आणि मग गिअर लोण्यात सुरी जावी तसा जावा, हा मोटारीचा धर्म. पण आता पेडल दाबूनही तो संबंध पुरता सुटेना. महिपतरावांनी कोणास काही सांगितले नाही. आवाज आला की ते खोकत, म्हणजे आवाज खोकल्यात जाईल अशी त्यांची समजूत होती.

एका धुकट सकाळी मात्र खोकला कामास आला नाही. ते मोटार गल्लीत मागे घेत होते आणि मोहित बाहेर उभा राहून हात दाखवीत होता. महिपतरावांनी क्लच दाबून धरला, तरी मोटार थांबण्याऐवजी हळूहळू मागेच सरकत राहिली. त्यांनी घाईने ब्रेक दाबला, पण तोपर्यंत शेजारच्या दूधवाल्याच्या दुकानापुढे रचलेले रिकामे क्रेट धडाधड खाली आले.

“अरे बाबूजी!” दूधवाला ओरडला, “दूध तो बिक गया, अब क्रेट भी पिओगे क्या?”

गल्लीत हशा पिकला. मोहित हसला नाही. तो खिडकीशी येऊन म्हणाला, “आबा, क्लच दाबला नव्हता का?”

“दाबला होता. पूर्ण दाबला होता.”

“पूरा दबा था तो गाडी हिली कैसे?”

महिपतराव खाली उतरून क्रेट पुन्हा रचू लागले. त्याच दिवशी ते मोहितला बरोबर घेऊन बिर्लानगरात सूर्याजी मिस्त्रीकडे गेले. सूर्याजीचे वडील तिथल्या कापडगिरणीत होते. गिरणी बंद झाली आणि मुलाने मजुरांच्या चाळींजवळच मोटारदुरुस्तीचे दुकान थाटले. मराठी घरांतल्या मोटारी बहुधा त्याच्याकडेच येत.

“या आबासाहेब! पांढरीला काय झालं? सर्दी?”

“क्लच गेला वाटतं, सूर्याजी. गिअर टाकताना कुरकुरते.”

“क्लचचं आणि पोटाचं दुखणं सारखंच. रोगी सांगतो एक, निघतं दुसरं. सरका, मी बसून बघतो.”

सूर्याजीचे बूट काळ्या तेलाने माखलेले होते. तो ते काढण्यास वाकला, पण महिपतरावांनी त्याला अडवले. पूर्वी पागेत नालबंद येई तेव्हा त्याला कोणी जोडे काढण्यास सांगत नसे. तीच सवलत या घराने मिस्त्रीला दिली होती.

“राहू दे, राहू दे. या थंडीत फरशीवर अनवाणी उभा राहशील काय? मी फक्त हे उचलतो,” असे म्हणून त्यांनी गोधडीची घडी घालून ती मागच्या आसनावर ठेवली, म्हणजे तिला तेल लागू नये.

सूर्याजी बसला. त्याने इंजिन सुरू केले, क्लच दाबला आणि मागचा गिअर टाकला. आवाज आला नाही. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. मग त्याने हातब्रेक ओढला, वरचा गिअर घातला आणि क्लच सावकाश सोडला. इंजिन गुदमरले व बंद पडले.

“बघितलंत? प्लेट घसरत नाही. घसरली असती तर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं असतं आणि जळका वास सुटला असता.” त्याने बॉनेट उघडून क्लचच्या तेलाचे भांडे पाहिले, मोटारीखाली शिरून ठोकाठाकी केली, पेडल हाताने खालीवर करून त्याची चाल अजमावली. शेवटी तो उभा राहिला आणि फडक्याने हात पुसू लागला. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

“काय सापडलं?” महिपतरावांनी विचारले.

“गाडी ठीक आहे, आबासाहेब.”

“मग माझ्याकडे का कुरकुरते?”

“आता काय सांगू… पेडल पार शेवटपर्यंत जायला हवं. थोडं जरी राहिलं तरी प्लेट सुटत नाही. थंडीत गुडघे धरतात माणसाचे. माझेही धरतात, खोटं नाही सांगत.”

महिपतरावांनी गोधडी पूर्ववत अंथरली, जोडे काढले आणि चाकामागे बसले. मागचा गिअर टाकला. कर्र! सूर्याजी वाकून चाकातली हवा पाहू लागला. तो शेजारी बसून वडीलधाऱ्याचा पाय तपासता तर कदाचित त्याच क्षणी निवाडा झाला असता, परंतु ज्यांना आपण आबासाहेब म्हणतो त्यांची अशी परीक्षा घेणे त्याला अशिष्टपणाचे वाटले. मोहित खिडकीबाहेर पाहत होता. मिस्त्रीच्या पायाखाली मुकी राहणारी मोटार वडिलांच्या पायाखाली ओरडते, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

घरी आल्यावर मोहितने तो विषय काढला. त्याचा स्वर कठोर नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

“आबा, मी रागावून नाही बोलत. आज क्रेट होते. कल को कोई बच्चा होता तो? डबरा गावचा एक माणूस जुनी डिझेल गाडी शोधतो आहे. म्हणाल तर रविवारी बोलावतो.”

महिपतरावांनी पुष्कळ उत्तरे मनात जुळवली. इतकी वर्षे मोटारीला ओरखडा नाही, हे एक. तुझी स्वतःची गाडी आपोआप गिअर बदलते, तुला क्लचची काय पारख, हे दुसरे. परंतु वाटेत न आलेल्या त्या लहान मुलापुढे ही सारी उत्तरे फिकी पडली.

“बोलाव,” ते म्हणाले. “रविवारी नेऊ दे.”

यानंतरचे दिवस शांतपणे गेले, पण ती शांतता महिपतरावांची नव्हती. ज्या पायाने आजवर आज्ञा पाळली त्या डाव्या पायाकडे ते परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहू लागले. जिना चढताना तो आधी टाकीत. देवघरापुढे एका पायावर उभे राहून पाहत. एकदा स्वयंपाकघरात कुमुदिनीबाईंना धपधप आवाज आला म्हणून त्या पाहू लागल्या, तो काय, महिपतराव पाटावर बसून डाव्या पायाने गव्हाची कोठी रेटीत आहेत.

“अहो, कोठीला लाथा का मारताय? गहू काही पळून नाही चालला.”

“जोर बघतो आहे.”

“मग? आहे का?”

“कोठी तर हलली.”

“कोठी हलली तर पाय बरा आहे. इतकं साधं आहे.”

“मग गिअर का ओरडतो, कुमुद?”

यावर कुमुदिनीबाईंनी कणीक तिंबण्यास घेतली. त्यांनाही दुःख होते. मुरारला बहिणीकडे जावे, सागरताल तळ्याकाठी कोवळ्या उन्हात बसावे, मनात आले की नया बाजारातून फेरफटका मारून यावा, हे सारे या मोटारीमुळे दोघांच्या स्वाधीन होते. आता मोहितच्या सुट्टीची वाट पाहावी लागणार. “रिक्षा असते की,” असे त्या म्हणत, पण रिक्षाला आपण सांगू तिथे झाडाखाली थांबवता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी ग्राहक येणार म्हणून मोटार धुवायची होती. कुमुदिनीबाईंनी आतली घरची चीजवस्तू काढण्यास आरंभ केला. आरशाला बांधलेला गंडा, पाठीची उशी, पायांखालची गोधडी, औषधांची पिशवी, सारे ओटीवर मांडले.

“घरचं लुगडं मी परक्याच्या पायाखाली नाही जाऊ देणार,” गोधडी झटकत त्या म्हणाल्या.

नळ गल्लीच्या बाजूस होता, म्हणून मोटार थोडी मागे घेणे भाग होते. महिपतराव अनवाणी आत बसले. पत्रा गार होता. त्यांनी इंजिन सुरू केले, क्लच दाबला आणि सवयीने खोकण्यासाठी श्वास घेतला. गिअर टाकला. आवाज आला नाही.

हा योगायोग असेल, असे त्यांना वाटले. त्यांनी गिअर काढला, पुन्हा टाकला. शांत. पहिला टाकला. तोही शांत. त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिले. काल जो पाय होता तोच आज होता. रात्रीतून तो तरुण झाला, हे मानण्याइतके ते भोळे नव्हते. कृषी खात्यात असताना एखाद्या शेतात पीक का पिवळे पडते हे शोधण्याची त्यांची रीत ठरलेली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडते ते पाहायचे. तीच रीत त्यांनी आता अवलंबिली.

“कुमुद! त्या वस्तू परत आण.”

“आत्ता तर काढल्या.”

“एकेक करून आण. आधी उशी.”

उशी पाठीला लावली. गिअर टाकला. शांत. आरशाला गंडा बांधण्याचीही आज्ञा झाली, तेव्हा कुमुदिनीबाईंनी कपाळावर हात मारला, पण तोही बांधला. शांत. औषधांची पिशवी ठेवली. शांत.

“आता गोधडी.”

गोधडी पायांखाली आली. महिपतरावांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि कर्र असा आवाज साऱ्या गल्लीत घुमला. जन्मात कोणत्या आवाजाने त्यांना इतका आनंद झाला नसेल. ते खाली वाकले. पेडलच्या मागे गोधडीचा जाड गोळा चुरगळून बसला होता. पाय आपले काम पुरते करीत होता, पेडल मात्र त्या लोकरीच्या अस्तरावर जाऊन टेकत होते आणि पुढे सरकत नव्हते. मिस्त्रीपुढे त्यांनी आपल्याच हाताने तो रोग उचलून मागच्या आसनावर ठेवला होता.

कुमुदिनीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे हा माझाच उद्योग. आणि मी तुमच्या गुडघ्याला तेल चोळत बसले.”

“तेलाने बरं वाटलं, ते खोटं नव्हतं.”

“हसू नका. जितकी थंडी वाढली तितके पदर लावत गेले मी.”

“अगं, सारा दोष तुझा कसा? सूर्याजीच्या बुटाखालून ती उचलली कोणी? मी.” आणि महिपतराव खरोखरच हसले. पुष्कळ दिवसांनी.

दुपारी मोहित घरी आला तेव्हा त्याच्यापुढे हा प्रयोग पुन्हा करण्यात आला. गोधडीविना शांत, गोधडीसह कर्र. मोहितने स्वतः खाली वाकून पेडल हाताने दाबून पाहिले.

“बताओ! एक गोधडी!” तो म्हणाला, तरी पेडल पुन्हापुन्हा दाबत राहिला. त्याच्या मनातली शंका पुरती फिटलेली नव्हती, हे वडिलांनी ओळखले.

“गाडीमागे एखादं मूल असतं तर, हे तुझं बोलणं या गोधडीने खोटं ठरत नाही,” महिपतराव म्हणाले. “पाय म्हातारा तर आहेच. तेव्हा चल, किल्ल्यावर जाऊ. उरवाईच्या चढावर माझा पाय चुकला, तर उद्या डबऱ्याच्या माणसाला किल्ली मी माझ्या हाताने देईन.”

“आत्ता? शनिवारी गर्दी असेल.”

“गर्दी हवीच आहे.”

“गार पत्र्यावर अनवाणी नाही जायचं,” कुमुदिनीबाई मध्येच म्हणाल्या आणि आतून कापडी बुटांचा एक नवा जोड घेऊन आल्या. मोहितने तो वडिलांना फिरण्यासाठी आणला होता, पण अद्याप खोक्यातून निघाला नव्हता.

“मोटारीत जोडा?” महिपतराव चकित झाले.

“ज्याला रस्ता लागला नाही तो कसला जोडा? हा मोटारीतच राहील, मोटारीतच घालायचा. खंडेनवमीला यालाही कुंकू लावीन. मग झालं?”

या युक्तिवादापुढे महिपतरावांचे काही चालले नाही. पूर्वजांचा दंडक मोडला की राखला, हे त्यांना नीट उमगले नाही, पण पाय उबदार झाले आणि पेडल तळापर्यंत गेले. मोहित जोडे काढून शेजारी बसला, कुमुदिनीबाई मागे.

उरवाई दरवाजाची वाट ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एका अंगास कातळात कोरलेल्या प्रचंड मूर्ती, दुसऱ्या अंगास उतार, आणि मध्ये इतका अरुंद रस्ता की वरून गाडी आली म्हणजे खालच्याने जिथे असेल तिथे थांबावे. ते चढावर निघाले आणि अपेक्षेप्रमाणे पहिल्याच वळणाला वरून गाड्यांची रांग उतरू लागली. महिपतराव थांबले. त्यांच्या पाठीमागे एक मोटारसायकल अगदी जवळ येऊन उभी राहिली. त्या मोटारसायकलवर पुढे एक लहान मूल बसलेले मोहितला आरशात दिसले. त्याचा हात आपसूक हातब्रेककडे गेला आणि त्याच्या जवळ थांबला.

वाट मोकळी झाली. महिपतरावांनी पहिला गिअर टाकला. क्लच सावकाश सोडू लागले. मोटारीचे नाक जरासे उचलले गेले, इंजिनाचा सूर खाली आला, आणि ज्या ठिकाणी क्लच इंजिनाला धरतो ते ठिकाण त्यांच्या डाव्या पायाने ओळखले. तिथे त्यांनी पाय स्थिर धरला, मग हातब्रेक सोडला. मोटार तसूभरही मागे गेली नाही. ती पुढे निघाली, शांतपणे, जणू सपाट रस्त्यावरच उभी होती.

वरच्या वळणावर पुन्हा थांबावे लागले, त्याच्या वर आणखी एकदा. मोहितचा हात केव्हा तरी हातब्रेकपासून निघून स्वतःच्या मांडीवर आला होता.

किल्ल्यावर पोहोचून महिपतरावांनी मोटार एका झाडाखाली उभी केली. खाली सारे लष्कर उन्हात पसरले होते.

“गुडघा दुखला,” ते म्हणाले.

मोहितने चमकून पाहिले. “किती?”

“दुखण्याइतका. चुकण्याइतका नाही.”

“आणि ज्या दिवशी चुकण्याइतका दुखेल?”

“त्या दिवशी मी सांगेन. तू विचारायच्या आधी.”

“सांगाल, आबा? खरंच?”

“यांनी नाही सांगितलं तर मी सांगेन,” मागून कुमुदिनीबाई म्हणाल्या. “मी मागेच तर बसलेली असते. मला सगळं दिसतं, त्यांचं खोकणं धरून.”

महिपतराव आपली मान खाजवू लागले. मोहित मोटारीतून उतरला, जोडे घालून थोडा पलीकडे गेला, आणि त्याने खिशातून फोन काढला. वाऱ्यावरून त्याचे बोलणे तुटक ऐकू येत होते.

“भाईसाहब, नमस्ते… हां, वही सफेद वाली. कल मत आइए… नहीं नहीं, गाडी बिल्कुल ठीक है. इसीलिए तो… नहीं, दाम की बात नहीं है. आबा चलाएंगे.” पलीकडचा मनुष्य काही विचारीत असावा. मोहितने वडिलांच्या दिशेने एकदा पाहिले. “अभी? अभी तो बहुत दिन चलाएंगे.”

तो परत आला, दारापाशी जोडे काढून ते डिकीत ठेवले आणि आसनावर बसला. “मुरारला मावशीकडे जाऊया का?” त्याने विचारले. “बऱ्याच दिवसांत गेलो नाही आपण.”

“उताराला दुसरा गिअर ठेवा हो,” कुमुदिनीबाईंनी बजावले.

“कुमुद, मला शिकवतेस?” महिपतराव म्हणाले, आणि दुसरा गिअर ठेवूनच त्यांनी मोटार खाली उतरवली.